हे मी डॉक्टरांना सांगू का?

इंदूरच्या जुन्या मराठी वस्त्यांत कुणाचे डॉक्टर कोण, हे शेजारपाजाऱ्यांना पाठ असायचं. रामबाग घ्या, लोकमान्य नगर घ्या, राजेंद्र नगर घ्या. अमक्यांकडे राजवाड्याजवळचे डॉक्टर येतात, तमक्यांना इमली बाजारातल्या डॉक्टरांशिवाय कुणाचा गुण येत नाही. मुलीला स्थळ आलं तरी त्यांच्या कानावर घालायचं, मुलाला पुण्याला पाठवायचं की इथेच शिकवायचं हेही त्यांनाच विचारायचं, आणि घरात कुणी गेलं तर रात्री दोन वाजता दाखला लिहायलाही तेच यायचे. ती पिढी आता जवळपास संपली. काहींच्या मुलांनी मोठ्या हॉस्पिटलांत नोकऱ्या धरल्या, काहींची परदेशी गेली, दवाखान्यांच्या जागी मोबाइलची नाहीतर नमकीनची दुकानं आली. गणपतीच्या मांडवात किंवा सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाच्या मध्यंतरात सत्तरी ओलांडलेली चार माणसं एकत्र आली की विषय तिथेच येतो: आपल्याला ओळखणारा डॉक्टर उरला नाही.

ही हळहळ खरी आहे. तिला मी हसत नाही आणि कुणी हसलेलं मला आवडतही नाही. पण तिच्यात एक माणूस दरवेळी विसरला जातो, तो म्हणजे कंपाउंडर.

आमच्या घरच्या डॉक्टरांकडे एक कंपाउंडरकाका होते. लाकडी पार्टिशनला एक चौकोनी खिडकी, खिडकीमागे काचेच्या मोठ्या बरण्या, आणि मिक्स्चरच्या बाटलीवर चिकटवलेली कागदाची पट्टी, जिला डोसागणिक खाच कापलेली असायची. डॉक्टर नाडी बघायचे, जीभ बघायचे, चिठ्ठी लिहायचे. मग माणूस खिडकीशी यायचा आणि तिथे खरं बोलणं सुरू व्हायचं. "मागची बाटली तशीच पडून आहे हो, कडू फार लागते." "नवऱ्याचं पिणं वाढलंय, त्यांना सांगू नका." "या वेळचे पैसे पुढच्या महिन्यात दिले तर चालतील का?" कंपाउंडरकाका मान हलवायचे, पुड्या बांधायचे. पुढच्या खेपेला डॉक्टर मिक्स्चरऐवजी गोळ्या द्यायचे किंवा बाईला बाहेर बसवून नवऱ्याला एकट्याला आत बोलवायचे. आईच्या पिढीला वाटायचं, डॉक्टरांना चेहरा बघून कळतं. त्यांना कळायचंच, पण त्या कळण्याचा बराच भाग खिडकीतून यायचा. डॉक्टर आणि कंपाउंडर एकमेकांना किती वर्षं ओळखत होते, एकमेकांवर किती विसंबून होते, यावर आमचं बरं होणं अवलंबून होतं. म्हणजे ज्याला आम्ही एका माणसाशी असलेलं नातं समजत होतो, ते तेव्हाही दोघा-तिघांनी मिळून सांभाळलेलं होतं.

हे मला उलगडलं ते आईमुळे, आणि तेही अलीकडे.

आईला बीपी आहे, शुगर आहे. आमचे डॉक्टर थकले, दवाखाना बंद केला. काही काळ आम्ही मोठ्या हॉस्पिटलाच्या चकरा केल्या. तिथे सगळं चकचकीत होतं, माणसंही वाईट नव्हती. पण नोंदणीच्या काउंटरवर विचारायचे, "काय त्रास आहे?" मग नर्स विचारायची. मग शिकाऊ डॉक्टर विचारायचा आणि सगळं लिहून घ्यायचा. मग मोठे डॉक्टर यायचे, कागदाकडे न बघता विचारायचे, "बोला आजी, काय होतंय?" पहिल्यांदा आई पाच वाक्यं बोलायची. चौथ्यांदा म्हणायची, "काही नाही, तेच आपलं." जी गोष्ट सांगायला ती घरून निघाली होती, ती काउंटर आणि मोठ्या डॉक्टरांच्या मध्ये कुठेतरी राहून जायची. तिथेही टीमच होती. चार माणसं आईसाठी काम करत होती, फक्त त्या चौघांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं, आणि ते जोडून देण्याचं काम आपोआप आईच्या अंगावर येऊन पडलं होतं.

मग आम्ही वॉर्डातल्या सरकारी दवाखान्यात जायला लागलो. आमच्या ओळखीच्या पुष्कळ मराठी घरांना अजूनही तिथे जाणं कमीपणाचं वाटतं. मला ते पटत नाही. अशा शहरी केंद्रांची आखणीच मुळी १५,००० ते २०,००० लोकसंख्येमागे एक अशी आहे, चालत जाता यावं म्हणून. तिथे डॉक्टर असतात, स्टाफ नर्स असते, औषधं देणारे, रक्त तपासणारे असतात, आणि दवाखान्याबाहेर, गल्लीत, एएनएम दीदी, म्हणजे वस्तीत फिरणारी सरकारी नर्स, आणि आशा दीदी, म्हणजे वस्तीतलीच आरोग्यसेविका, असतात. शहरातल्या एका आशाकडे साधारण २०० ते ५०० घरं. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा एक फॉर्म ती भरते: तंबाखू, कमरेचा घेर, व्यायाम, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का. त्यावरून कुणाला तपासणीला आणायचं ते ठरतं.

ही कल्पना आपल्याकडे कुणी काल-परवा बाहेरून आणलेली नाही. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली, स्वातंत्र्याच्या आधी, तात्पुरती सोय म्हणून जो आराखडा सुचवला त्यात ४०,००० लोकांमागे एक प्राथमिक केंद्र होतं, आणि त्यात डॉक्टर २, पण सार्वजनिक आरोग्याच्या नर्सेस ४, मिडवाइफ ४ आणि शिकवून तयार केलेल्या दाया ४. डॉक्टरांपेक्षा बाकीची माणसं कितीतरी जास्त. नोव्हेंबर २०१७ मध्ये उच्च रक्तदाबासाठी देशपातळीवर जो उपक्रम सुरू झाला, त्यात पहिल्या पाच राज्यांत मध्य प्रदेश होता, आणि त्याच्या मूळ आधारांपैकी एक टीमचं काम हाच होता. बीपी नर्सने मोजायचं, कार्डावर लिहायचं, औषध कोणतं आणि कधी वाढवायचं याचा ठरलेला क्रम, महिन्याची गोळी घराजवळ, आणि तारीख चुकवणाऱ्याला फोन.

कागदावर हे छान आहे आणि बऱ्याच अंशी चालतंही. आईचं बीपी ताब्यात आलं ते याच व्यवस्थेमुळे. पण व्यवस्था सुरळीत चालणं आणि माणसाचं मन तिथे लागणं या दोन गोष्टींमध्ये काय असतं, ते पुढे घडलेल्या एका प्रसंगाने मला दाखवलं. प्रसंग तसा लहानच.

आई सकाळची गोळी अर्धीच घेत होती. कधी घेतच नव्हती. घरात मला पत्ता नव्हता, दवाखान्यात कुणाला नव्हता. पूजा करून पाटावरून उठताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची, आणि तिने आपल्यापुरता निष्कर्ष काढला होता की हे त्या गोळीचं काम आहे. डॉक्टरांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, मनाने औषध का कमी केलं. मला सांगितलं असतं तर मी तिचं गच्चीवर जाणं बंद केलं असतं. भावाला बेंगळुरूला कळलं असतं तर तो तिला घेऊन जायचं म्हणाला असता. तिने हे सगळं हिशेबात धरलं होतं. तिने सांगितलं आशा दीदीला. पापड वाळत घालता घालता, सहज. कारण ती घाईत नव्हती, तिच्या हातात त्या वेळी फॉर्म नव्हता, आणि तिच्या स्वतःच्या सासूलाही तसंच होतं असं ती आधी बोलून गेली होती.

आशा दीदीने ते नर्सला सांगितलं. नर्सने डॉक्टरांना. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी काही न बोलता आईला आधी पाच मिनिटं टेबलावर आडवं व्हायला सांगितलं, बीपी घेतलं, मग उभं करून पुन्हा घेतलं. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त खाली आला, किंवा खालचा १० ने, तर ती दखल घेण्याजोगी गोष्ट असते. आईचा त्याहून जास्त उतरला. तिचं निरीक्षण बरोबर निघालं होतं. औषध बदललं, वेळ बदलली, उठताना आधी काठावर बसायचं, मग उभं राहायचं, हे नर्सने करून दाखवलं. या वयात पडणं, खुब्याचं हाड मोडणं म्हणजे काय असतं ते ज्यांच्या घरात झालंय त्यांना सांगायला नको. त्या एका निरोपाने आईचं फार मोठं संकट टळलं, असं मी मानते.

आणि आई घरी येऊन गप्प बसली. जेवली नाही नीट. संध्याकाळी म्हणाली, "मी ते तिला सांगितलं होतं. दवाखान्याला नव्हतं सांगितलं."

मी तिला समजवायला लागले की अगं तुझ्या भल्यासाठीच ना, ते सगळे एकच आहेत. ती म्हणाली, "तुला एकच वाटतात. मला वेगवेगळे दिसतात."

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. आरोग्यसेवेबद्दल बोलताना आपण टीमला एक माणूस धरून चालतो. एकाला कळलं म्हणजे सगळ्यांना कळलं, फाइलवर आलं म्हणजे सर्वांचं झालं, आता तर ॲपवर आलं की झालंच. रोग्याच्या बाजूने मात्र टीम नावाची वस्तू दिसतच नाही. तिला दिसते ती पापडांजवळ उकिडवी बसलेली बाई. तिला दिसतो तो तरुण डॉक्टर, ज्याच्यासमोर आपण अडाणी ठरू नये असं तिला वाटतं. विश्वास माणसावर बसतो. बसायला वेळ लागतो आणि तो प्रत्येकावर वेगळा, कमी-जास्त बसतो. जे सांगितलं ते त्या विश्वासाच्या मापाने सांगितलेलं असतं. ते उचलून दुसऱ्याच्या हातात देताना मधे तिला विचारलंच नाही, तर माहिती पोचते आणि सांगणारी दुरावते. पुढच्या वेळी ती सांगत नाही. मग माहितीही पोचत नाही.

आशा दीदीने सांगायला नको होतं का? हवंच होतं. तिने गप्प बसायचं ठरवलं असतं आणि आई पडली असती तर आम्ही कुणीच तिला माफ केलं नसतं, ती स्वतःही नाही. आईचं दुखावणं योग्य आणि दीदीचं सांगणंही योग्य. या दोन्हींना एकत्र धरता येतं की नाही, हाच माझ्या मते या सगळ्या टीमकामाचा कस आहे.

पुढच्या महिन्यात दीदी आली तेव्हा आईने तिला जाळीच्या दारातूनच उत्तरं दिली. हो, नाही, घेते, बरं आहे. दीदी हुशार आहे. तिने फॉर्म मिटला आणि म्हणाली, "माताजी, आपसे पूछके बताना था. गलती हुई." आई काही बोलली नाही, पण दार उघडलं. तेव्हापासून दीदी काही वेगळं कानावर आलं की विचारते, "ये मैं डॉक्टर साहब को बता दूँ?" आई बहुतेक वेळा हो म्हणते. एकदा म्हणाली, "डॉक्टरांना नको, सिस्टरला सांग." आणि एकदा म्हणाली, कुणालाच नको. ती गोष्ट काय होती ते मला माहीत नाही, आणि मला ती माहीत नाही याचं मला बरं वाटतं. दीदीने एवढंच आईला सांगून ठेवलंय की जिवाला धोका असेल असं काही असेल तर मी सांगणार, पण आधी तुम्हाला सांगून मग सांगणार. तिला हे कुणी ट्रेनिंगमध्ये शिकवलं की तिचं तिनेच काढलं, मी विचारलेलं नाही. पण डॉक्टरी शिकणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला हे तिच्याकडून ऐकायला बसवावं असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट घडली ती दवाखान्यात. डॉक्टरांनी आईच्या समोर नर्सकडे हात करून सांगितलं, "आजी, यांनी काही सांगितलं तर ते मी सांगितलं असं समजा. आणि त्यांना जे वाटतं ते मी ऐकतो." नर्स बुऱ्हाणपूरची, घरी मराठी बोलणारी. आईशी ती मराठीतच बोलते. बाजारात, बँकेत आईचं हिंदी आमच्यापेक्षा चांगलं. पण अंग मोडून आलं, पोटात ढवळतंय, जीव घाबरा होतोय हे तिला मराठीतच बोलावंसं वाटतं. तरीही डॉक्टरांच्या त्या दोन वाक्यांआधी आईच्या लेखी नर्स म्हणजे बीपीचा पट्टा बांधणारी मुलगी होती. त्या दिवसानंतर पायाची आग होते हे तिने नर्सला सांगितलं, आणि नर्सने तिथल्या तिथे तळवे तपासले. एका माणसावरचा विश्वास दुसऱ्यापर्यंत न्यायचा तर ज्याच्यावर तो आहे त्यानेच समोरासमोर हाताला धरून न्यावा लागतो. आपल्याकडे नव्या सुनेची चार घरांत ओळख करून देतात ना, तसं. भिंतीवर चार जणांच्या नावांची पाटी लावून ते होत नाही.

कॅनडातल्या जीनी हॅगर्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली उपचारातल्या सातत्याचे तीन पदर सांगितले होते: माहितीचं सातत्य, उपचाराच्या दिशेचं सातत्य आणि नात्याचं सातत्य. टीममुळे पहिले दोन सुधारतात. कार्ड असतं, नोंद असते, ठरलेला क्रम असतो. तिसरा मात्र टीममुळे सहज तुटू शकतो, कारण माणसं वाढली की प्रत्येकाच्या वाट्याला रोगी थोडा थोडा येतो. आणि तिसरा पदर हा मन रमवण्यापुरता नाही. नॉर्वेत २००१ पासून प्रत्येक नागरिकाला ठरलेला डॉक्टर आहे. तिथल्या सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदींवरून २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की एकाच डॉक्टरकडे १५ वर्षांहून जास्त काळ असलेल्यांमध्ये, वर्षभराचीच ओळख असलेल्यांच्या तुलनेत, मृत्यू, तातडीने भरती होणं आणि अवेळी उपचार शोधावे लागणं हे सगळं सुमारे २५ ते ३० टक्क्यांनी कमी होतं. अशा अभ्यासावरून कारण सिद्ध झालं असं म्हणता येत नाही, पण ओळखीची वर्षं वाढली तसा हा फायदाही वाढत गेलेला दिसला, आणि त्याकडे डोळेझाक करणं मला जमत नाही.

आता नॉर्वे कुठे आणि आपण कुठे. २०१७ साली ६७ देशांतल्या माहितीचा एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात डॉक्टर रोग्याला देतो तो वेळ स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, भारतात २ मिनिटांच्या आसपास. दोन मिनिटांत नातं जुळत नाही. म्हणूनच मला टीम हवी आहे. डॉक्टरांच्या दोन मिनिटांना नर्सची दहा मिनिटं आणि आशाचं अंगणातलं बोलणं जोडलं तर आईला स्वीडनच्या बाईइतका वेळ मिळतो. मात्र ते जोडलेलं हवं. ब्राझीलने १९९४ पासून याच विचारावर घरोघरच्या आरोग्याची व्यवस्था उभी केली: एक डॉक्टर, एक नर्स, मदतनीस आणि त्याच वस्तीत राहणारे आरोग्यसेवक, आणि त्या टीमची घरं ठरलेली. टीम लहान, माणसं तीच, वस्ती तीच. मला वाटतं गुपित यापेक्षा फार मोठं नाही.

आणि त्यासाठी ब्राझीललाही जायला नको. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये काम सुरू केलं तेव्हा त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून शिकवलं. त्यांतल्या कितीतरी शाळेत न गेलेल्या, कितीतरी दलित. ज्या घरांच्या उंबऱ्याआत त्यांना कधी कुणी घेतलं नव्हतं त्या घरांतली बाळंतपणं आणि लहान मुलं त्यांनी सांभाळली. पुढे १९९९ मध्ये गडचिरोलीतून डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं की गावातल्याच शिकवलेल्या बाईने घरी जाऊन केलेल्या नवजात बाळांच्या देखभालीने तिथला नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी उतरला. या दोन्ही ठिकाणी डॉक्टर मोठे होते, पण गावाने दार उघडलं ते ओळखीच्या बाईला.

दाराचा विषय निघाला आहे तर तो टाळून पुढे जाता येणार नाही. आमच्या वस्तीत आशा दीदी उन्हात फाटकाशी उभी असते. फार थोड्या घरांत तिला खुर्ची मिळते. पाणी मिळालं तर कोणत्या भांड्यातून मिळतं हेही मी पाहिलं आहे. तीच माणसं दवाखान्यात डॉक्टरांना नमस्कार करतात, नर्सला सिस्टर म्हणतात, आणि हिचं नावसुद्धा विचारत नाहीत. तिला ठरलेला पगार नाही; मानधन आणि कामागणिक मिळणारी रक्कम, तीही उशिरा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये देशभरातल्या दहा लाखांहून जास्त आशांचा गौरव केला तेव्हा आपण सगळ्यांनी तो फोटो पुढे पाठवला. मी हे रागाने लिहीत नाही, कळकळीने लिहिते आहे. रोगी आणि उपचार करणारे यांच्या नात्याबद्दल बोलताना आपण नेहमी त्यांनी आपल्याशी कसं वागावं एवढंच बोलतो. नातं म्हणजे दोन बाजू आल्या. जी बाई तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाची अंधारी पहिल्यांदा ऐकते, तिला बसायला सांगणं हा उपचाराचा भाग आहे.

आणि आमच्या वस्तीत हे अधिकच लागू आहे. लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर, कुठेही सकाळी फिरून बघा: मुलं पुण्यात, बेंगळुरूत, अमेरिकेत, आणि घरात दोघं किंवा एकटंच कुणी. महिन्यातून एकदा येऊन गोळ्यांची पाकिटं मोजणारी आशा दीदी हीच कित्येकांच्या घरात येणारी एकमेव व्यक्ती असते. परवा शेजारच्या काकूंनी तिला आईकडे पाहून विचारलं, "इनके यहाँ बैठती हो, मेरे यहाँ भी बैठो ना." आता ती तिथेही बसते.

आता या सगळ्याला जे तडा देतं त्याबद्दल. दवाखान्यातली बरीचशी माणसं संविदावर आहेत, म्हणजे करारावर. आईचे डॉक्टर बदलले. मग पुन्हा बदलले. आमच्याशी त्या दोन वाक्यांत बोललेले डॉक्टर पुढच्या शिक्षणाला गेले, आणि त्यांनी जायलाच हवं होतं. दरवेळी नवीन डॉक्टर कार्ड वाचतात, आकडे बघतात, आणि पाटावरून उठतानाची अंधारी कार्डावर नसते. आम्हाला या बदलांतून कुणी तारलं असेल तर नर्स आणि आशा दीदी यांनी. नर्स नव्या डॉक्टरांना सांगते, "सर, आजींचं उभं राहून बीपी घ्या." आणि नर्सही एक दिवस जाणार. आशा मात्र नेमतानाच त्याच वस्तीत राहणारी नेमतात. टीममध्ये जिला सर्वांत कमी मिळतं तीच सर्वांत कायमची आहे, आणि रोग्यांच्या नात्याचा सगळा भार शेवटी तिच्यावर येऊन उभा राहतो. हे मला अन्यायाचंही वाटतं आणि धोक्याचंही. तिची तब्येत बिघडली, तिने काम सोडलं, तर आमच्या गल्लीतल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांबद्दल दवाखान्याला जे ठाऊक आहे ते एका दिवसात पुसलं जाईल.

मार्चअखेर नर्सचा करार संपतोय. वाढेल की नाही, तिलाही माहीत नाही. म्हणून वस्तीतल्या आम्ही काही जणींनी मिळून पार्षदांच्या, म्हणजे नगरसेवकांच्या, ऑफिसात आणि दवाखान्याच्या प्रभारींकडे एक अर्ज दिला आहे. बदली थांबवा असं त्यात म्हटलेलं नाही. ते त्यांच्या हातात नाही हे आम्हाला समजतं. मागणी एवढीच की जाणाऱ्या माणसाने येणाऱ्या माणसासोबत निदान आठवडाभर एकत्र बसावं, आणि बीपी-शुगरचे जे जुने रोगी आहेत त्यांच्याशी नव्या माणसाची समोरासमोर ओळख करून द्यावी. कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, रोग्याला विचारून, दोन ओळी लिहायला जागा ठेवावी: या माणसाला काय सांगायला अवघड जातं, आणि ते तो कुणाला सांगतो. नवीन डॉक्टर आले की पहिल्या महिन्यात एकदा त्यांनी आशा दीदीबरोबर गल्लीतून फेरी मारावी, घरात जाऊ नका हवं तर, नुसती फेरी.

अर्ज आईने वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. म्हणाली, दवाखान्याबाहेरच्या पाटीवर डॉक्टरांचं नाव आहे, खाली नर्सचं आहे, आशा दीदीचं नाही; ते घालायला सांग, आणि अक्षर एवढं मोठं ठेवायला सांग की मला रस्त्यावरून वाचता येईल. मग तिने पेन मागितलं, आणि ते कलम अर्जाच्या शेवटी स्वतःच्या हाताने लिहून खाली सही केली.